र्योकानचं बुकिंग मिनिटात, जेवणाचा घोळ मात्र निघेपर्यंत

जपानमधल्या ओन्सेनचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचा, विषय निघाला की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती सगळ्यांसमोर कपडे काढण्याची. ते दडपण पहिल्या पाच मिनिटांत जातं, कारण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. घोळ आहे तो जेवणाचा. शाकाहारी असाल तर तो घरून निघायच्या आधी मिटवावा लागतो, तिथे पोहोचल्यावर काही होत नाही.

मी सांगतोय ते नागानो प्रांतातल्या शिबु ओन्सेनबद्दल. दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी मुक्कामाची घरं, आणि गावाची नऊ सामायिक स्नानगृहं. तोक्योहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागानोपर्यंत दीड तास, मग नागानो देन्तेत्सु या स्थानिक रेल्वेच्या गाडीने शेवटचं स्टेशन युदानाका. नागानोत देन्तेत्सुचं स्टेशन जमिनीखाली आहे, वर शोधत बसू नका. युदानाकाहून बस आहे, आधी कळवलं तर काही र्योकानवाले स्टेशनवर गाडीही पाठवतात.

छोटं र्योकान म्हणजे मोजक्या खोल्या, घरचीच माणसं आणि बहुधा एकच स्वयंपाकी. दर खोलीचा नसतो, माणशी असतो. त्यात रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो, याला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात. मेनूकार्ड नसतं. ठरलेले पदार्थ लहान लहान बशांमधून एकामागून एक येतात आणि त्यांचं सामान आधीच भरलेलं असतं. संध्याकाळी पानावर बसल्यावर 'आम्ही मासे खात नाही' म्हणालात तर त्या स्वयंपाक्याकडे द्यायला भात आणि लोणचं एवढंच उरतं. त्या लोणच्यावरही कधी कधी सुक्या माशाचा कीस भुरभुरलेला असतो.

बुकिंगच्या वेबसाइटवर 'विशेष विनंती' नावाची एक चौकट असते. त्या चौकटीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तिथे 'शाकाहारी जेवण' लिहिलं की लगेच 'बुकिंग निश्चित' अशी मेल येते, आणि आपण निर्धास्त होतो. निश्चित झालेली असते फक्त खोली. चौकटीतला मजकूर र्योकानकडे चिठ्ठीसारखा जातो, तो मान्य केल्याचं कुणी कुठेही म्हटलेलं नसतं. विचारलं तर वेबसाइटवाले म्हणाले, थेट र्योकानला विचारा. र्योकानवाले म्हणाले, बुकिंग त्यांच्यामार्फत आहे, बदल तिथूनच करा. ही टोलवाटोलवी चालू असताना फुकट रद्द करण्याची मुदत सरत असते. छोट्या र्योकानमध्ये काही दिवस आधीपासूनच रद्द करण्याचे पैसे लागतात, आणि न सांगता गेला नाहीत तर बहुधा पूर्ण रक्कम जाते. त्यात र्योकानवाल्यांचा दोष नाही, त्यांनी तुमच्या नावाने बाजार केलेला असतो. पण मग ती चौकट ठेवायचीच कशाला?

शेवटी र्योकानकडून उत्तर आलं: भाज्यांचा तेम्पुरा (आपल्या भज्यांसारखा प्रकार) आणि तोफू देता येईल. हे वाचून हुरळून जाऊ नका. तेम्पुऱ्यासोबतच्या सॉसमध्ये कात्सुओ असतो, म्हणजे वाळवून धुरावलेला बोनितो मासा. तोफूवर त्याचाच कीस घालतात. शिजवलेल्या भाज्या, मिसो सूप, सोबा नूडल्सचं त्सुयू (रस्सा), अंड्याचं चावानमुशी या सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीचा पातळ अर्क, असते, आणि नेहमीची दाशी कात्सुओची किंवा निबोशीची, म्हणजे सुकवलेल्या लहान माशांची. एका पातेल्यात ती सगळ्यांसाठी एकदम होते. तुमच्या वाटीतून माशाचा तुकडा काढला तरी रस्सा तोच. स्वयंपाक्याला यात मासा वाढल्यासारखं वाटतही नाही, त्यामुळे तो खोटं बोलत नसतो.

म्हणून नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही, दाशीचं नाव घ्यावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय चालेल ते सांगावं लागतं. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि सुके शिइताके मशरूम थंड पाण्यात रात्रभर भिजवले की शाकाहारी दाशी तयार होते. त्यात कष्ट फारसे नाहीत, पण आदल्या दिवशी माहीत हवं. माझं काम ज्या मजकुराने झालं तो असा: 'निकु, साकाना, एबी, काइ वा ताबेमासेन. कात्सुओ या निबोशी नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बु तो होशी-शिइताके नो दाशी नारा दाइजोबु देस. तामागो तो ग्यूनयू वा ताबेमासु.' मांस, मासे, कोळंबी, शिंपले खात नाही. कात्सुओ-निबोशीची दाशीही चालत नाही. कोम्बु आणि सुक्या शिइताकेची चालेल. अंडं आणि दूध खातो. अंडं खात नसाल तर शेवटचं वाक्य बदला, कारण तेम्पुऱ्याच्या पिठातही बहुधा अंडं असतं. हा मजकूर जपानी लिपीत करून पाठवा आणि 'हे जमेल का, हो किंवा नाही कळवा' असं स्पष्ट विचारा. इंग्रजीतली लांबलचक, आर्जवी मेल निरुपयोगी आहे.

उत्तरात 'मोशिवाके गोझाइमासेन' दिसलं तर ते नाही आहे. मागे लागू नका. त्याच र्योकानात 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय खोली मिळते का बघा. तसं असेल तर जेवण नागानो स्टेशनवरच घेऊन ठेवा: मिठाचा साधा भात-गोळा, भाजलेलं रताळं, केळी, सफरचंदं. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेल्या भात-गोळ्यातही कधी कात्सुओ मिसळलेला असतो, वेष्टन वाचा. गावातली खानावळ रात्री उघडी सापडेलच असं धरून चालू नका. खोलीत चहासाठी गरम पाणी असतं, त्यावर घरून नेलेले झटपट पोहे किंवा उपमा होतो. शेगडी, कुकर काढू नका, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, डाग पडला तर भरपाई मागतील. कांदा-लसूण आणि कंदही वर्ज्य असतील तर रताळं सोडून हाच मार्ग धरा, लांब पातीचा नेगी कांदा तिथे सगळ्यात असतो.

शाकाहारी जपानी जेवणच हवं असेल तर नागानोत झेन्कोजी देवळाभोवती ३९ शुकुबो, म्हणजे यात्रेकरूंची निवासस्थानं आहेत. तिथे शोजिन र्योरी हे बौद्ध शाकाहारी जेवण मिळतं. काही शुकुबोंत हल्ली मासेही वाढतात, तेव्हा विचारून घ्या. एक रात्र तिथे जेवून दुसरी शिबुला सुदोमारी, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

बाकीचं सरळ आहे. चेक-इन बहुधा तीनला. जेवण असेल तर सहाच्या आत पोहोचा, उशीर होणार असेल तर फोन करा. पासपोर्टची प्रत घेतात. चपला-बूट दारात, तातामीवर सपाताही नाहीत, संडासातल्या सपाता तिथेच सोडायच्या. बॅगेची चाकं तातामीवर फिरवू नका. युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालताना डावी बाजू वर. उलटं मृताला नेसवतात. तुम्ही जेवायला गेलात की खोलीत फुतोन, म्हणजे झोपायची गादी, अंथरून होतो.

अंघोळ बसून, साबण पूर्ण धुऊन, मग कुंडात. वज्रेश्वरीसारखं कपड्यांसकट उतरता येत नाही. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. बायका-पुरुषांच्या स्नानगृहांची रात्री किंवा सकाळी अदलाबदल होते, म्हणून दर वेळी पडद्यावरची खूण बघा: 男 पुरुष, 女 बायका. गावातली नऊ स्नानगृहं मुक्कामी पाहुण्यांसाठी असतात, पण तिथे साबण बहुधा नसतो आणि पाणी भाजेल इतकं गरम असू शकतं. थंड नळ थोडा सोडा, निघताना बंद करा. टॅटू असेल तर आधी विचारा. आजीच्या हातावरचं गोंदणही त्यात धरलं जाऊ शकतं. तेव्हा 'काशिकिरी', म्हणजे ठरावीक वेळेसाठी फक्त आपलं असणारं स्नानगृह, मागून घ्या.

आणि हो, चांदीची जोडवी, पैंजण खोलीतच काढून ठेवा, गंधकाच्या पाण्यात काळी पडतात. निघताना रोख येन जवळ हवेत: स्नानकर बहुधा माणशी दिवसाला १५० येन, तो बिलात वेगळा लागतो, आणि सगळीकडे कार्ड चालतं असं नाही. टीप द्यायची नाही.