डिचोलीच्या मातीतला डेम्पो

पणजीहून डिचोलीला जायला म्हापसा–अस्नोड्याचा रस्ता सोयीचा आहे. तरीही मी रायबंदरच्या धक्क्यावर जाऊन चोडणची फेरीबोट पकडली. कारण ज्या फुटबॉल क्लबचे मूळ पाहायला मी निघालो होतो, त्याच्यामागचा पैसा याच मांडवीतून वाहत गेला होता. डिचोली आणि सत्तरीकडच्या खाणींतले लोहखनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर यायचे, तिथे बार्जमध्ये भरले जायचे आणि मुरगाव बंदरातून जपानला आणि नंतरच्या काळात चीनला रवाना व्हायचे. फेरीबोटीवरच्या लोकांना या बार्जचे काडीचेही अप्रूप नसते. परगावचे पाहुणे मात्र त्यांचे फोटो काढत राहतात.

चोडण ओलांडून मये तळ्यावरून डिचोलीत शिरलो. बुधवारचा बाजार भरलेला होता, त्यामुळे गाडी बाहेरच ठेवून चालत फिरावे लागले. डेम्पो स्पोर्ट्स क्लब म्हटले की आज डोळ्यांपुढे पणजी येते. परंतु या क्लबची सुरुवात डिचोलीतल्या पोर्तुगीज नावाच्या एका छोट्या क्लबातून, ‘क्लुब देस्पोर्तिवो दे बिचोली’तून झाली. 1967 साली डेम्पो उद्योगसमूहाने तो आपल्याकडे घेतला, काही काळ ‘डेम्पो सौझा’ या नावाने चालवला आणि लवकरच तो केवळ ‘डेम्पो’ झाला. कंपनीची खाण डिचोलीतच असल्यामुळे हा व्यवहार त्या वेळी कुणाला वेगळा वाटला नसावा. बाजारात आणि बसस्थानकाच्या आसपास मी बराच हिंडलो, पण या उगमाची आठवण देणारी एखादी पाटी काही मला दिसली नाही.

गोव्यात फुटबॉल आणला तो चर्चने. 1883 साली विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी शिवोलीत हा खेळ सुरू केला, असे सांगितले जाते, आणि आजही बाहेरच्या माणसाला गोव्याचा फुटबॉल म्हणजे बार्देश–सासष्टीतली चर्चपुढची मैदाने असेच वाटते. हे चित्र अर्धेच आहे. या खेळाला नियमित पगार, प्रवासखर्च आणि मुंबई–कोलकात्याच्या संघांशी टक्कर देण्याची ऐपत दिली ती खाणमालकांनी, आणि त्यांतली डेम्पो व साळगावकर ही दोन मोठी घराणी हिंदू आणि मराठी वाचणारी होती. डेम्पोंच्याच समूहाचा ‘नवप्रभा’ आमच्याकडे अजूनही सकाळी येतो. वास्कोत साळगावकरांचा संघ 1956 पासूनचा. शेसा गोवा कंपनीने 1999 मध्ये मुलांसाठी फुटबॉल अकादमीच काढली. खेळाडूला कंपनीत नोकरी द्यायची, कामाचे तास सरावाच्या वेळेनुसार लावायचे आणि पाय थकल्यावरही ती नोकरी त्याच्याकडे राहील असे पाहायचे, अशी ही रीत होती. ज्या घरात फुटबॉल म्हणजे वेळेचा अपव्यय मानला जाई, त्या घरालाही मुलाला खेळायला सोडण्यासाठी एवढा आधार पुरेसा होता.

बाजाराजवळच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खात असताना शेजारी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांशी गप्पा जुळल्या. त्यांनी पूर्वी खाणीवर ट्रक चालवला होता. ‘‘काका, डेम्पोचा संघ मूळचा इथलाच ना?’’ असे विचारताच ते म्हणाले, ‘‘इथलाच. पण खाण बंद पडली आणि फुटबॉलही संपला, असे समजा.’’

हे वाक्य गोव्यात अनेकांच्या तोंडी ऐकू येते आणि ते मला पटत नाही, कारण सनावळी वेगळेच सांगते. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली डेम्पोने राष्ट्रीय साखळी स्पर्धा पाच वेळा जिंकली: 2004-05 आणि 2006-07 मध्ये जुनी नॅशनल लीग, तर 2007-08, 2009-10 आणि 2011-12 मध्ये आय-लीग. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा एकाच संघातून खेळले, तो हा काळ. 2008 मध्ये संघाने आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची उपान्त्य फेरीही गाठली. मात्र डेम्पोंनी आपला खाण व्यवसाय 2009 सालीच शेसा गोवाला विकला होता. म्हणजे शेवटची दोन विजेतेपदे खाण हातातून गेल्यानंतरची आहेत, आणि सर्व खाणी थांबल्या त्या 2012 च्या सप्टेंबरमध्ये.

माझ्या मते, खरा फटका मैदानाबाहेरच्या निर्णयांनी दिला. 2014 मध्ये नव्या फ्रँचायझी संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि जुन्या क्लबांचे स्थान डळमळीत झाले. 2014-15 मध्ये डेम्पो आय-लीगमधून खाली घसरला, पुढच्याच हंगामात द्वितीय श्रेणी जिंकून त्याने परतण्याचा हक्कही मिळवला. पण 2016 मध्ये आय-लीगला खालच्या दर्जावर नेणाऱ्या भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर व स्पोर्टिंग क्लुब दे गोवा यांच्यासह त्याने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. मैदानावर कमावलेली जागा अशी सोडून देण्यात स्वाभिमान होता हे खरे, तरी उमेदीच्या वयातल्या खेळाडूंना त्याची किंमत मोजावी लागली, आणि त्यांच्याविषयी तेव्हा फारसे कुणी बोलले नाही.

हे सारे मी काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘तुमच्या तारखा बरोबर असतील. पण ट्रक उभा राहिला तेव्हा मॅच पाहायला जायला आमच्या खिशात पैसा नव्हता.’’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

परतीच्या वाटेवर जुन्या गोव्याजवळ एला येथे क्लबच्या अकादमीपाशी थांबलो. लहान मुलांचा सराव चालला होता आणि कुंपणाबाहेर पालक दुचाकींवर बसून वाट पाहत होते. 2024 मध्ये डेम्पो पुन्हा आय-लीगसाठी पात्र ठरला. डिचोलीतल्या खाणीचा 2022 च्या अखेरीस नव्याने लिलाव झाला आणि ती वेदान्ता कंपनीला मिळाली. खाण आणि क्लब यांचा आता एकमेकांशी काहीही संबंध उरलेला नाही.