डबा कधी दिला, ते लिहून ठेवा

लातूरला गंजगोलाईजवळ माझं दागिने घडवायचं छोटं दुकान आहे. 2025 च्या आषाढात आमच्या बंगाली कारागिराला पोलिसांनी 'पडताळणी'साठी उचललं. बांगलादेशी असल्याचा संशय. त्याच्या पाटावर अर्धी ओवलेली ठुशी तशीच पडून होती.

तीन दिवस मी कागदांमागे धावलो. त्याच्या बायकोनं पश्चिम मेदिनीपूरहून आजेसासऱ्यांच्या जमिनीचं खत, नवऱ्याच्या शाळेचा दाखला, मतदार यादीचं पान, सगळं मोबाइलवर पाठवलं. "दादा, आणखी काय लागेल?" म्हणून दर तासाला फोन करायची. पोलिस म्हणायचे, "ठेवून जा, बघतो." भेटू दिलं नाही. डबा तेवढा आत जायचा आणि संध्याकाळी रिकामा परत यायचा.

चौथ्या रात्रीच्या गाडीनं संभाजीनगर गाठलं. वकीलबाईंनी माझी पिशवी उघडलीसुद्धा नाही. "कोणत्या आदेशानं ठेवलंय? अटक दाखवली का? मॅजिस्ट्रेटपुढं नेलं का?" मला एकाचंही उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, "मग आपली केस हीच."

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. भारतीय असल्याचं सिद्ध करायचं ओझं 1946 च्या परकीय नागरिक कायद्यानं, कलम 9 प्रमाणे, त्या माणसावरच टाकलं होतं. पण हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिकेत हायकोर्ट ताब्यात ठेवणाऱ्याला विचारतं: याला कशाच्या आधारे ठेवलंस, दाखव.

"आणि उद्या तो परदेशी निघाला तर?" मी भीत भीत विचारलं. बाईंनी घटनाच काढली. अनुच्छेद 21 मध्ये 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. 22 प्रमाणे अटकेची कारणं सांगायची, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. यातून सूट फक्त शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेला. याच औरंगाबाद खंडपीठानं ऑगस्ट 2020 मध्ये तबलिगी प्रकरणात 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले होते, हेही त्यांनी सांगितलं. मला धीर आला.

त्याची सही मिळणं शक्य नव्हतं, पण ही याचिका त्याच्या वतीनं मलाही करता येत होती. मग बाईंचा प्रश्न: तो आत आहे याला पुरावा काय? ठाण्यानं तर कुठलाच कागद दिला नव्हता. मला डबा आठवला. डबा नेणाऱ्या पोराला रिक्षाभाडं मी फोनवरून पाठवायचो. तारीख, वेळ, सगळं तिथं होतं. डबा किती वाजता दिला, कुणी घेतला, रिकामा कधी आला, हे तसंच शपथपत्रात गेलं. शिवाय पोलिस अधीक्षकांना ईमेल करायला लावला, म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणायला जागा उरली नाही.

दोन न्यायमूर्तींपुढं प्रकरण तातडीचं म्हणून मांडलं. सरकारी वकिलांना दुसऱ्या दिवशी माहिती घेऊन यायला सांगितलं. त्याच रात्री नऊ वाजता कारागिराला सोडून दिलं. हातात एक चिठ्ठीही नाही.

दुसऱ्या दिवशी "सोडलंय" म्हटल्यावर याचिका निकाली निघाली. कधी नेलं आणि कधी सोडलं, हे नोंदीवर घ्या, यासाठी बाई अडून बसल्या. नुकसानभरपाई मागायचा हक्कही त्यांनी खुला ठेवून घेतला. पाच रात्री का, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

आठवडाभर त्याच्या हातात चिमटा ठरेना. ठुशी मीच पुरी केली. भरपाईचं विचारलं की म्हणतो, "शेठ, पुन्हा तिकडं नको." निर्णय त्याचा आहे. त्या रिक्षाभाड्याच्या नोंदी मी छापून तिजोरीत ठेवल्या आहेत.