एसटीच्या कॉलमातली एक

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात मी हेडक्लार्क, त्यामुळे आयशेचा, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा फॉर्म दरवर्षी माझ्याच गळ्यात. लोकांना वाटतं आकडे टाकले की झालं. आपल्याकडचे जातीचे दाखले व्हीजे, एनटी-बी, सी, डी, एसबीसी, आणि फॉर्मला कॉलम एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस, जनरल एवढेच, मग गवळी-धनगरांची पोरं उचलून ओबीसीत टाकायची, वर टोटल जुळली पाहिजे. माझी जुळते.

मुलींचा आकडा बघून नवे प्राचार्य दचकले. देशात 2021-22 ला उच्च शिक्षणातल्या 4.33 कोटी विद्यार्थ्यांत 2.07 कोटी मुली होत्या, आमच्याकडे तर पोरं शोधावी लागतात. बारावी झाली की पोरगा मुंबईला नायतर लोट्याच्या एमआयडीसीत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातच हजार पुरुषांमागे 1122 बायका, कॉलेज काय वेगळं असणार? पर्मनंट मास्तर मात्र सगळे पुरुष, आणि मॅडम सगळ्या सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबावर, दर वर्षी नवी ऑर्डर, म्हणजे शिक्षकांची पानं मी दर वर्षी पहिल्यापासून भरायची.

तर एसवायबीए, एसटी, मुली: 1. कातकरी वाडीवरची. मी एक टाकला तेवढ्यात शिपाईमामा म्हणाले, "ती कुठाय? दिवाळीपासनं आली नाय." मस्टर काढलं, खरंच नाही. घरचा नंबर बंद. वाडीवरल्या एकाकडून मुकादमाचा नंबर मिळाला, तो म्हणाला भट्टीवर आहेत सगळी, रात्री करा.

प्राचार्य साहेब म्हणाले, "रजिस्टरवर नाव आहे ना, ठेवा, शून्य बरा नाही दिसत, कॉलेजला ग्रेड देणारे नॅकवाले विचारतील." त्यांना पोरीचं नाव माहीत नव्हतं, अजून नाही.

रात्री तिनेच फोन केला, मुकादमाच्याच मोबाइलवरून, मागे कोणीतरी ओरडत होतं. "सर, नाव काढू नका हां. परीक्षेला येतेय मी."

नियमानं बरोबरच होतं, नाव कमी झालेलं नव्हतं. एक ठेवला, सबमिट केलं. पण वीटभट्ट्या पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतात आणि आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय मुकादम कोणाला सोडत नाही, हे मला फोन ठेवतानाही माहीत होतं, आणि तरी मी "बरं, ये" एवढंच बोललो. उचल किती घेतलीय ते तरी विचारायचं होतं.

हॉलतिकीट काढून ठेवलंय. पेपर सोमवारपासून आहेत, मुकादम फोन उचलत नाही.