संध्याकाळच्या पाळीचं कोडं सुटलं: १११०

आमच्या सुपारीच्या वाडीला पाणी देणारा पंप प्रोग्रॅमने ठरल्या वेळी आपोआप सुटतो. मागच्या नोंदीत सांगितलं तसं, सकाळी साडेसहाची पाळी बिनचूक सुटत होती आणि संध्याकाळी साडेसहाची काही केल्या सुटत नव्हती. कारण सापडलं. आज पुरतं लिहितो, कारण पंप असो, दिवे असोत की माशांची टाकी, सेटिंगच्या फायलीत वेळ लिहून काहीही चालवणाऱ्या कोणालाही हे गाठू शकतं.

श्रीवर्धनात ऊन तापायला लागलंय. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने आमच्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर लावलेल्या सुपाऱ्या आता कुठे उभ्या राहिल्यात. सुपारीची मुळं फार खोल जात नाहीत, आळं कोरडं राहिलं की झाड लगेच सुकायला लागतं. त्यामुळे संध्याकाळचं शिंपणं चुकलं की नानांचा फोन ठरलेला. "सांजचा पंप आजपण नाय सुटला रे. मी बटण दाबून सोडलाय."

बटण दाबून सुटतो, यातच अर्धी चौकशी उरकली होती. वायरमनचं म्हणणं, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, कॉन्टॅक्टरची, म्हणजे पंपाला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल ओढत नसेल. पण स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की त्याच वेळी, त्याच लाइनीवर तोच कॉन्टॅक्टर टक्कन बसतो. म्हणजे कॉइल ठीक.

मग संशय रिले बोर्डावर, म्हणजे प्रोग्रॅमच्या इशाऱ्याने कॉन्टॅक्टर चालवणाऱ्या बोर्डावर, कारण सेटिंगची फाइल यामल या लिहायच्या पद्धतीत आणली त्याच सुमारास बोर्डही बदललं होतं. जुन्या बोर्डाच्या टर्मिनलना खाऱ्या हवेने हिरवट कीट चढली होती. नवं ऑप्टोकपलरवालं (इशारा प्रकाशाने पुढे देऊन दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं) बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं आणि लावण्याआधी त्यावर पारदर्शक लॅकरचा हात फिरवला. किनाऱ्यावर उघडं बोर्ड लावूच नये, आणि वायरी डब्यात घ्यायच्या त्या खालून, ग्लँडमधून, या मताला मी चिकटून आहे. हाताने कमांड दिली की रिले वाजत होता. तोही संशयातून सुटला.

उरलं घड्याळ. प्रोग्रॅम चालवणाऱ्या आमच्या पायला (रास्पबेरी पाय हा छोटा संगणक) स्वतःचं घड्याळ नाही आणि इथे नेटचा भरवसा नाही, म्हणून डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप जोडलीय. ते तपासलं, वेळ बरोबर. टाइमझोनचा घोळ म्हणावा, तर आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. १८:३० यूटीसी धरली असती तर पंप मध्यरात्री बाराला सुटला असता, आणि सकाळची पाळी भर दुपारी. तसं काहीच नव्हतं. संध्याकाळची पाळी उशिरा नाही, लवकर नाही, सुटतच नव्हती. लॉगमध्ये मात्र रोज तीच ओळ: वेळापत्रक वाचलं, पाळ्या दोन.

शेवटी फाइल वाचून झाल्यावर प्रोग्रॅमच्या हातात नेमकं काय पडतंय ते छापून पाहिलं, प्रकारासकट. सकाळची पाळी: स्ट्रिंग (मजकूर), ०६:३०. संध्याकाळची पाळी: इंटिजर (पूर्णांक संख्या), १११०.

अठरा गुणिले साठ, अधिक तीस. हिशेब जुळला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

यामलच्या १.१ आवृत्तीत दहाऐवजी साठ हा पाया धरून संख्या लिहायची सोय आहे. मधे विसर्गासारखं चिन्ह (:), दोन्हीकडे आकडे, अवतरणचिन्हं नाहीत, की ती वेळ न राहता संख्या होते. २००९ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीने ही सोय काढून टाकली, पण पायथनमधलं, म्हणजे माझा प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे तिच्यातलं, यामल वाचणारं पाययामल आजही १.१ चेच नियम पाळतं. आणि त्या नियमात पहिला आकडा १ ते ९ मधलाच हवा. ०६:३० शून्याने सुरू होते, म्हणून ती स्ट्रिंग म्हणून सुखरूप बाहेर येते. १८:३० बुडते. शून्य न लावता ६:३० लिहिली असती तर तिचेही ३९० झाले असते. म्हणजे सगळीकडे दोन आकडी तास लिहिणाऱ्याच्या सकाळी दहाच्या आतल्या वेळा वाचतात आणि दहापासून पुढच्या सगळ्या जातात. अर्धं काम चालू राहिल्यामुळे फायलीवर संशयच जात नाही.

एरर का आली नाही? प्रोग्रॅम दर मिनिटाला चालू वेळेची स्ट्रिंग बनवून पाळीच्या वेळेशी ताडून बघतो. १८:३० ही स्ट्रिंग आणि १११० ही संख्या, पायथन म्हणतो, सारखी नाहीत, आणि पुढे जातो. यामलच्या आधीच्या साध्या आयएनआय फायलीत सगळंच स्ट्रिंग असल्याने हा प्रश्न कधी आलाच नाही. होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना हे ओळखीचं असेल, तिथे वेळ अवतरणांत लिहायची पद्धत आहे. डॉकर कंपोज या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाच्या यामल फायलीत पोर्टचे आकडे अवतरणांत लिहायला सांगतात, तेही याचसाठी.

अवतरणचिन्हं घातली. संध्याकाळी नाना आणि मी स्टार्टरच्या पेटीसमोर उभे. साडेसहाला रिलेची बारीक टिक, तिच्या पाठोपाठ कॉन्टॅक्टरचा टक्क, अँमीटरचा काटा उडाला आणि जागेवर बसला. थोड्या वेळाने पाटाच्या तोंडाशी पाणी आलं. इतक्या दिवसांनी ते आपोआप आलेलं पाहून फार बरं वाटलं. नाना म्हणाले, "झालं ना? आता त्याला हात लावू नको."

हात लावावा लागणार आहे. अवतरणचिन्हांवर भिस्त ठेवून चालणार नाही. वेळा नाना फोनवरून बदलतात आणि त्यांनी चिन्हांची काळजी का करावी? रुआमेल हे यामलचं दुसरं वाचक मुळातच १.२ चे नियम धरतं, ते बघितलं. पण त्यात ६.३० लिहिलं तर ते मुकाट दशांश अपूर्णांक म्हणून आत येणार. पायडँटिक या पायथनच्या तपासनिसाने वाचलेल्या माहितीची तपासणी चोख होते, मात्र एवढ्याशा फायलीला ते जड वाटतं.

म्हणून टॉमल, ही सेटिंगची फाइल लिहायची आणखी एक पद्धत. पायवर बुकवर्म ही लिनक्सची आवृत्ती आहे, म्हणजे पायथन ३.११, आणि त्यात टॉमल वाचणारं टॉमललिब मुळातच येतं. टॉमलमध्ये वेळ हा स्वतंत्र प्रकार आहे. १८:३०:०० लिहिलं की थेट वेळच हातात येते. टॉमलच्या १.० आवृत्तीत सेकंद लिहावेच लागतात, आणि ६:३० असं अर्धवट लिहिलं तर फाइल वाचतानाच ओळ क्रमांकासकट नकार मिळतो. मला हेच हवंय: चूक भरतानाच कळली पाहिजे, संध्याकाळी वाडी कोरडी राहिल्यावर नव्हे. अडचणी दोन. टॉमललिब फक्त वाचतं, लिहीत नाही. लिहिताना फायलीतल्या मराठी टिपा जपायच्या तर टॉमलकिट हे वेगळं साधन घ्यावं लागेल. आणि 'सुपारी', 'नारळ' अशी देवनागरी नावं द्यायची तर ती अवतरणांत टाकावी लागतात. हे दोन्ही चालेल.

हे लिहितानाच एक सुचलं. एकच फाइल कशाला? पायच्या कोणत्या पिनवर कोणता रिले, हे वर्षातून एकदा बदलतं आणि मीच बदलतो. पाळीच्या वेळा नाना हव्या तेव्हा बदलतात. दोन्ही एकत्र असल्याने वेळ बदलताना पिनच्या ओळीही पुन्हा लिहिल्या जातात, आणि नेमकी तेव्हा लाइट गेली तर सगळंच अर्धवट. तेव्हा 'जोडणी' वेगळी, 'वेळापत्रक' वेगळं. वेळापत्रक आधी शेजारच्या तात्पुरत्या फायलीत लिहायचं, एफसिंक करायचं (म्हणजे ते खरंच डिस्कवर उतरवायचं), परत वाचून तपासायचं, आणि मगच ओएस रिप्लेस या पायथनच्या आज्ञेने एका झटक्यात जुन्याच्या जागी आणायचं. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी. टेम्प या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि ते वेगळ्या फाइलसिस्टिमवर निघालं तर रिप्लेस तिथेच अडतं. तपासणीत नापास झालं तर जुनं वेळापत्रक चालू राहील आणि नानांच्या फोनवर कारण दिसेल, मराठीत.

लॉगची ओळही बदलली. 'पाळ्या दोन' ऐवजी आता प्रत्येक पाळीची वेळ, तिचा प्रकार आणि ती कोणत्या फायलीतून आली, हे सुरुवातीलाच छापलं जातं. आधी जोडणीची फाइल टॉमलवर नेतो. टॉमलकिटने टिपा शाबूत राहतात याची खात्री होईपर्यंत वेळापत्रक अवतरणांसकट यामलमध्येच ठेवतोय.