पेट्रोलच्या लिटरमागे साडेतीन पैसे

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर साध्या पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होतं. हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरला. त्याची फोड मात्र फारशी कुणी पाहिली नाही. मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर १८ रुपये आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर अडीच रुपये.

या चारांपैकी राज्यांच्या वाटणीत फक्त पहिला येतो. त्या १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के, म्हणजे सुमारे ५७ पैसे, सगळ्या राज्यांना मिळून. त्यात महाराष्ट्राचा वाटा तेव्हा ६.३१७ टक्के, पंधराव्या वित्त आयोगाने (केंद्राचे कर राज्यांत कसे वाटायचे ते सुचवणारा आयोग) ठरवलेला. हिशेब केला तर हातात पडायचे लिटरमागे साडेतीन पैसे आणि वर थोडी खुर्दा.

केंद्र-राज्य संबंधांवर बोलायचं म्हटलं की राज्यपाल आणि ३५६ वं कलम यांच्याच गप्पा होतात. पण १९९४ च्या बोम्मई निकालानंतर राष्ट्रपती राजवट लावणं अवघड झालं, आणि राज्यांचं परावलंबन काही कमी झालं नाही. राज्यसूचीत पोलीस, आरोग्य, शेती हे विषय आजही आहेत. त्यासाठीचा पैसा कुठून येतो, कोणत्या खात्यात येतो आणि कोणत्या अटीवर सुटतो, हे मात्र बदललं. माझ्या मते सत्ता सरकली ती इथे.

आधी उपकराची गोष्ट पूर्ण करू. २००० सालच्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने केंद्राचे जवळपास सगळे कर वाटपयोग्य निधीत, म्हणजे राज्यांसोबत वाटायच्या पैशात, आले. त्याआधी मुख्यतः प्राप्तिकर आणि उत्पादन शुल्कच वाटलं जायचं. राज्यांसाठी हे चांगलंच झालं. पण उपकर (ठरावीक कामासाठीचा जादा कर) आणि अधिभार (करावरचा कर) त्याच दुरुस्तीने बाहेर ठेवले. पुढे चौदाव्या आयोगाने राज्यांचा हिस्सा ३२ वरून थेट ४२ टक्क्यांवर नेला (जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर तो ४१ झाला, आणि सोळाव्या आयोगानेही ४१ च ठेवला). आता केंद्राच्या वित्त खात्यात बसून विचार करा. मूळ कर एक रुपयाने वाढवला तर ४१ पैसे द्यावे लागतात, उपकर एक रुपयाने वाढवला तर काहीच द्यावं लागत नाही. कुणीही काय करेल? मागच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राच्या एकूण करात उपकर-अधिभारांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास होता, दशक संपताना तो वीसच्या घरात गेला. शंभरातले वीस आधीच बाजूला काढले की उरलेल्या ऐंशीचे ४१ टक्के म्हणजे ३३ सुद्धा भरत नाहीत.

दोन गोष्टी केंद्राच्या बाजूनेही सांगायला हव्यात. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये पेट्रोलवरचं शुल्क मिळून १३ रुपयांनी उतरवलं, ते रस्ते उपकरातून. राज्यांच्या वाटणीच्या १ रुपया ४० पैशांना हात लावला नाही. आणि राज्यांचा व्हॅट हा केंद्राचं शुल्क धरून होणाऱ्या किमतीवर टक्क्यांनी बसतो. केंद्राने उपकर चढवला की राज्याचा व्हॅट आपोआप फुगतो. त्यामुळे इंधनाच्या बाबतीत राज्यं धुतल्या तांदळासारखी नाहीत, आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायला एकही राज्य मनापासून तयार का नसतं, तेही यातून कळतं. स्वतः दर ठरवता येईल असं राज्यांकडे फार थोडं उरलंय: इंधन, दारू, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. मोठं असं एवढंच.

बाकीचं बहुतेक १ जुलै २०१७ ला जीएसटी परिषदेत, म्हणजे केंद्र आणि राज्यं मिळून दर ठरवतात तिथे, गेलं. तिथलं मतदान समजून घेण्यासारखं आहे. मतांचं वजन केंद्राला एक तृतीयांश, राज्यांना मिळून दोन तृतीयांश. ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश हवेत. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून राज्यांची मतं ३१, म्हणजे प्रत्येकाचं वजन साधारण २.१५ टक्के. महाराष्ट्राचं तेवढंच आणि सिक्कीमचंही तेवढंच. सगळे हजर आहेत असं धरून गणित मांडा: एकतीसच्या एकतीस राज्यं एकत्र आली तरी ६६.६७ टक्के होतात, ७५ होत नाहीत. केंद्राला नको असलेला ठराव होऊच शकत नाही. उलट केंद्राला स्वतःचा ठराव करून घ्यायला २० राज्यं पुरतात. तो अडवायचा तर विरोधात किमान १२ हवीत. परिषदेत पहिलं प्रत्यक्ष मतदान झालं डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या दराबद्दल. तोवर सगळं एकमताने. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स प्रकरणात परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असं म्हटलं, पण एका राज्याने वेगळा दर लावला तर आंतरराज्य क्रेडिटची (आधीच्या टप्प्यावर भरलेला कर पुढे वजा मिळण्याची) साखळीच तुटेल. त्यामुळे तो अधिकार कागदावर आहे, वापरण्यासारखा नाही.

सुरुवातीची पाच वर्षं गोड गेली, कारण २०१५-१६ हे मूळ वर्ष धरून राज्यांच्या महसुलाला दरसाल १४ टक्के वाढीची हमी होती, कमी पडलं तर भरपाई मिळायची. जून २०२२ ला ती संपली. तेव्हापासून दर उतरवले की खड्डा ज्याचा त्याला. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ आणि २८ चे टप्पे गेले, मुख्य दर ५ आणि १८ उरले. ग्राहक म्हणून चांगलंच आहे. राज्याच्या तिजोरीसाठी भरपाईची तरतूद मात्र त्यासोबत आली नाही.

आता खर्चाची बाजू. इथे खरा तपशील आहे आणि वर्तमानपत्रात तो जवळजवळ येतच नाही.

पूर्वी पंचवार्षिक योजनेचा पैसा येताना त्यातला एक भाग विनाअट यायचा. त्याचं सूत्र १९६९ साली धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना ठरलं: ६० टक्के वजन लोकसंख्येला, बाकी दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू मोठे प्रकल्प आणि खास अडचणी यांना दहा-दहा. तो पैसा कुठे लावायचा ते राज्य ठरवायचं. २०१५ मध्ये ही मदत बंद झाली. वित्त आयोगाचा हिस्सा वाढवला होताच, त्यामुळे तक्रारीला जागा कमी. पण केंद्रपुरस्कृत योजना (केंद्राने आखलेल्या, राज्याने राबवायच्या) राहिल्या, आणि त्यांत आता राज्याला ४० टक्के घालावे लागतात (ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं सोडून, तिथे १०). ग्रामीण घरकुल घ्या. सपाटीवर घराला १ लाख २० हजार. त्यात केंद्राचे ७२ हजार, राज्याचे ४८ हजार. नाव, निकष, यादीची पद्धत, हप्त्यांचे टप्पे आणि फोटो कसा काढायचा ते, सगळं दिल्लीचं.

पैसा कसा सुटतो ते पाहा. मार्च २०२१ च्या सूचनांपासून प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल यंत्रणा (त्या योजनेचा पैसा सांभाळणारी) आणि तिचं एकच बँक खातं. केंद्र वर्षाची रक्कम चार हप्त्यांत, एकेकाला २५ टक्के अशी सोडणार. राज्याच्या तिजोरीत हप्ता आला की २१ दिवसांत तो नोडल खात्यात, आणि ४० दिवसांत राज्याचा हिस्सा. आधीच्या पैशातला ७५ टक्के खर्च दिसल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. एप्रिल २०२३ पासून केंद्राचा हिस्सा ३० दिवसांच्या पुढे अडकवला तर वार्षिक ७ टक्के व्याज. खात्यावर बँकेचं व्याज मिळालं तर तेही ज्याच्या त्याच्या प्रमाणात परत.

केंद्राचा राग समजण्यासारखा होता. घरकुलाचे पैसे तिजोरीत येऊन पगारासाठी फिरवले जायचे, उरलेले कुठल्या तरी संस्थेच्या बचत खात्यात वर्षानुवर्षं पडून असायचे. ते थांबलं, हे बरंच झालं. पण अडतं कुठे? ७५ टक्क्यांची अट राज्याच्या एकूण खर्चावर, त्यामुळे दोन-चार जिल्ह्यांची देयकं रखडली की ज्यांनी काम संपवलं त्यांचाही हप्ता थांबतो. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांची लेखाशीर्षं (हिशेबातली खाती) वेगळी. एकात पैसा पडून, दुसऱ्यात खडखडाट, आणि इकडचं तिकडे करता येत नाही. राज्याच्या बीम्स या अर्थसंकल्प प्रणालीवरचं लेखाशीर्ष आणि केंद्राच्या पीएफएमएस या निधी प्रणालीवरचा योजनेचा घटक जुळला नाही तर देयक मागे येतं. आणि हे सगळं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा कोषागारात आधीच रांग असते.

नव्या स्पर्श पद्धतीत तर खात्यात पैसा साठवणंही नाही. केंद्र राज्याला वर्षाची मंजुरी देतं, आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे पैसे काढणारा आणि वाटणारा) देयक टाकतो आणि रिझर्व्ह बँक त्या क्षणी दोन्ही सरकारांचे हिस्से उचलून थेट लाभार्थ्याला देते. तांत्रिकदृष्ट्या हे सुंदर आहे. पण राज्याचा वित्त सचिव पूर्वी जो निर्णय घ्यायचा, या महिन्यात कशाला आधी आणि कशाला नंतर, तो आता त्याच्या हातात राहिलेला नाही.

रोजगार हमीचं उदाहरण महाराष्ट्राला जास्त लागतं. १९७२ च्या दुष्काळात ही योजना इथे मोठी झाली, वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं, १९७७ ला कायदा झाला आणि खर्चासाठी राज्याने स्वतःचा व्यवसाय कर बसवला. २००५ च्या केंद्रीय कायद्यात अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्राने घेतला. डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्याने दिवस १०० चे १२५ झाले, पण मजुरीसकट खर्च ६०-४० झाला. कोणत्या राज्याला किती हे केंद्र आधी ठरवणार, आणि त्यावर गेलेला खर्च राज्याचा. मग राज्याने व्यवसाय कर वाढवावा? तुमच्या पगारपत्रकात पाहा: अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. बेरीज २५००. ही घटनेच्या २७६ व्या कलमातली कमाल मर्यादा आहे, १९८८ पासून हललेली नाही, आणि ती बदलायचा अधिकार संसदेला. पंधराव्या वित्त आयोगाने ती १८ हजार करा असं सुचवलं होतं.

राहिलं कर्ज. कलम २९३(३) म्हणतं की केंद्राचं कर्ज बाकी असेल तर राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. या एका वाक्यावर सगळी कर्जमर्यादा उभी आहे. २०२० मध्ये मर्यादा सकल उत्पन्नाच्या ३ वरून ५ टक्के झाली तेव्हा वाढीव दोनांपैकी अर्धाच टक्का विनाअट होता. बाकीचा शिधापत्रिका, उद्योग परवाने, पालिकांचे कर आणि वीज वितरण या चार सुधारणांशी बांधलेला, एकेकीला पाव टक्का आणि चारांतल्या तीन केल्या तर आणखी अर्धा. केरळने डिसेंबर २०२३ मध्ये १३१ व्या कलमाखाली (केंद्र-राज्य वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याचं कलम) दावा लावला तो याच मर्यादेवर, विशेषतः सरकारी महामंडळांनी घेतलेली कर्जं राज्याच्या डोक्यावर मोजण्यावर. एप्रिल २०२४ मध्ये तो घटनापीठाकडे गेला.

आणि एक बारकावा, जो मला सगळ्यात मोठा वाटतो. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली खर्चासाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं. फुकटचा पैसा कोण सोडेल? त्याच्या अटींत केंद्रीय योजनेचं नाव न बदलणं हीसुद्धा एक आहे. भाषांतर चालतं, नवं बारसं चालत नाही. पण व्याज नसलं तरी ते केंद्राचं कर्जच. म्हणजे आज घेतलेल्या रकमेमुळे २९३(३) खालची संमतीची गरज पुढची पन्नास वर्षं जिवंत राहते. जुनी केंद्रीय कर्जं फिटत आली होती, तेवढ्यात हे आलं.

मुंबईच्या मंत्र्यांनी दिल्लीकडे बोट दाखवताना जरा जपून दाखवावं, हेही लिहून ठेवतो. दिल्ली राज्यांशी वागते तसंच राज्य पालिकांशी वागतं. २०१७ पर्यंत मुंबई पालिकेला मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर जकात रोज मिळायची. आता राज्याकडून भरपाईचा धनादेश येतो, दरसाल ८ टक्के वाढीने. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ त्या पालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता.

स्वतः पडताळायचं असेल तर राज्याच्या अर्थसंकल्पातलं जमेचं पुस्तक उघडा आणि ही प्रधान शीर्षं (हिशेबातल्या मुख्य खात्यांचे चार आकडी क्रमांक) शोधा. ०००६ म्हणजे राज्य जीएसटी. ००३० मुद्रांक, ००३९ उत्पादन शुल्क, ००४० विक्रीकर व व्हॅट, ००४१ वाहन कर: यांची बेरीज म्हणजे ज्याचा दर राज्य ठरवू शकतं असा पैसा, वीज शुल्क वगळून. ००२० आणि ००२१ खाली कंपनी कर व प्राप्तिकरातला वाटा दिसेल. १६०१ म्हणजे केंद्राची अनुदानं, अटींसह. शेवटी ६००४, केंद्राकडची कर्जं. मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. ६००४ खालचा आकडा शून्याकडे जातोय की वर चढतोय, ते आधी बघा.