यादीत नाव आहे, कारण नाही

पीएम-किसान योजनेच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की त्या गावातील लाभार्थ्यांची यादी उघडते. आमच्या गावाची यादी मी नुकतीच पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली. पैसे कोणाला मिळतात हे तिच्यातून कळते. ते कोणत्या आधारावर मिळाले, कोणाचा हप्ता का थांबला आणि कोणाकडून वसुली झाली, हे मात्र कळत नाही.

2019 साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यावर येतात. सुरुवातीची दोन हेक्टरची मर्यादा त्याच वर्षी उठली, पण प्राप्तिकर भरणारे, बहुतेक सरकारी कर्मचारी, तसेच व्यवसाय करणारे डॉक्टर आणि वकील अपात्रच राहिले. तरीही 2021 च्या सुरुवातीला माहिती अधिकारातील एका उत्तरातून उघड झाले की 20.48 लाख अपात्र व्यक्तींना 1,364 कोटी रुपये दिले गेले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण प्राप्तिकर भरणारे होते. ज्या माहितीवरून ही अपात्रता ठरते, ती सरकारच्याच दुसऱ्या खात्यात नोंदलेली असते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

हे आकडे कोणीतरी अर्ज केला म्हणून बाहेर आले. वास्तविक माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार अनुदान योजनांची अंमलबजावणी, त्यांसाठी दिलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रत्येक कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा असतो. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक झाकलेच पाहिजेत. परंतु सार्वजनिक तिजोरीतून किती रक्कम कोणत्या निकषावर दिली, ही कोणाची खासगी बाब आहे असे मला वाटत नाही. 2023 च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीविषयीचे कलम बदलून अशी माहिती नाकारणे सोपे केले आहे, म्हणून हा आग्रह आता अधिक जोराने धरला पाहिजे.

यादीत जे नाहीत, त्यांच्याविषयी तर कोणतेच संकेतस्थळ बोलत नाही. योजना सातबाऱ्यावरील नावाला पैसे देते, त्यामुळे बटईने राबणारा कसणारा बाहेर राहतो. आमच्या शेजारच्या काकू वीस वर्षे शेत सांभाळत आहेत, पण सातबाऱ्यावर अजून त्यांच्या सासऱ्यांचेच नाव आहे. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातील सुमारे 14 टक्केच वहितीखाती, म्हणजे कसल्या जाणाऱ्या जमिनीची खाती, स्त्रियांकडे होती, तेव्हा अशा काकू गावोगाव असणार.

खताचे अनुदान याहून कितीतरी मोठे आहे. 2022-23 साली ते अडीच लाख कोटींच्या वर गेले. ते कंपन्यांना दिले जाते आणि शेतकरी दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवून सवलतीच्या दरात पोते घेतो. कोणाच्या शेतात किती अनुदान पोहोचले, याची गावनिहाय यादी मी आजवर पाहिलेली नाही.

2017 च्या कर्जमाफीच्या वेळी महाराष्ट्रात याद्यांचे चावडीवाचन करण्यात आले होते. नाव मोठ्याने वाचले की कोण शहरात नोकरीला आहे आणि कोणाची जमीन कोण कसतो, हे सांगणारे लोक समोरच बसलेले असतात. पीएम-किसानची यादी वर्षातून एकदा, नावापुढे रक्कम आणि वगळलेल्यांच्या नावापुढे कारण लिहून, अशीच वाचली जावी, असा अर्ज मी येत्या ग्रामसभेसाठी लिहून ठेवला आहे. काकूंनी त्यावर पहिली सही केली आहे.