वीतभर वाटलं, निघालं चार बोटं: सेन्सर लावून तोलाचा व्यायाम, माझा अनुभव

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. माझा हात फारसा थरथरत नाही. माझी अडचण वळताना. गॅसकडून सिंककडे वळले की धड पुढे जायचं आणि पाय तिथेच राहायचे. सरळ चालताना पाहिलं तर कुणाला शंकासुद्धा येत नसे. गोव्यात आमच्या म्हार्दोळात रस्त्यावर भेटणारे म्हणायचे, "बाई, तब्येत झकास दिसते हं!" आयुष्य मराठी शाळेत शिकवण्यात गेलं, त्यामुळे अर्ध्या गावाची मी अजून बाईच आहे.

बांबोळीला न्यूरोलॉजीच्या ओपीडीत डॉक्टर माझ्या पाठीमागे उभे राहिले, "आता मागे ओढणार आहे, सावरा," म्हणाले आणि दोन्ही खांदे धरून झटका दिला. निरोगी माणूस एकदोन पावलं मागे टाकून उभा राहतो. मी मागे जातच राहिले. त्यांनी धरलं म्हणून बरं. गोळ्यांनी ताठरपणा कमी होईल, हात मोकळा चालेल, पण तोल लेव्होडोपाला, म्हणजे या गोळ्यांतल्या औषधाला, तितकीशी दाद देत नाही, त्याला व्यायामच करावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी घटत जातात, गोळी ती उणीव भरून काढते, आणि तोलाचा मामला एकट्या डोपामिनवर चालत नाही. मला हे एवढंच कळलं आणि तेवढं पुरलं.

फोंड्याच्या दवाखान्यातली फिजिओ बेळगावला शिकून आलेली, माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलांच्या वयाची. "काकी, आधी मोजूया," म्हणाली. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. मला १६ लागले, आणि त्यातला मोठा वाटा नुसत्या वळण्याचा. मग बर्ग नावाची चाचणी: १४ कामं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६. एका पायावर उभं राहण्यात मी सपशेल नापास. शेवटी तिने आडवं पाडून बीपी घेतलं आणि उभं करून पुन्हा घेतलं. पार्किन्सन्समध्ये उठल्यावर बीपी उतरू शकतं. त्याची चक्कर असेल तर तोलाचे व्यायाम करून काय उपयोग, आधी डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. माझं ठीक निघालं.

आणि मग ते सेन्सर. काडेपेटीएवढ्या तीन डब्या. एक पट्ट्याने कमरेमागे, माकडहाडाच्या जरा वर. दोन नडग्यांवर वेल्क्रोने. आत अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना, ते करणारी हीच चीज. कंबर आणि नडगी किती कलली यावरून शरीराचा मध्य कुठे सरकला याचा हिशेब टॅबलेट करतो आणि पडद्यावर एक ठिपका हलवतो. सुरुवातीला काही सेकंद अगदी स्तब्ध उभं राहायचं, म्हणजे यंत्राला तुमचा 'सरळ' कळतो.

पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे साडी नेसून गेले होते. ठिपका वेड्यासारखा फिरायला लागला. फिजिओने पट्टा काढून पाहिला, पुन्हा बांधला, तरी तेच. पट्टा साडीच्या घड्यांवर बसला होता, आणि मी हलले की आधी साडी हलायची, मग मी. म्हणजे यंत्र माझी कंबर सोडून कॉटनची साडी मोजत होतं. पुढच्या खेपेपासून पंजाबी ड्रेस. दुसरी खोड घरी कळली: लोखंडी कपाटाजवळ उभं राहिलं की ठिपका आपसूक एका बाजूला सरकतो. दिशा कळायला त्यात छोटं होकायंत्रही असतं, त्याला लोखंड बाधतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली तरी टॅबलेट आणि सेन्सर बॅटरीवर चालतात, पण पंखा बंद पडतो आणि घामाने वेल्क्रो सुटतो!

व्यायाम ऐकायला पोरखेळ वाटेल. पडद्यावर एक गोल दिसतो, शरीर कलवून ठिपका त्यात न्यायचा आणि धरून ठेवायचा. मी कमरेतून वाकून ठिपका ढकलायला बघायची. तो जायचाच नाही. "काकी, घोट्यातून. पाठ आणि पाय एका रेषेत." नडगीवरची डबी खोटं चालू देत नाही. समोर खुर्चीची पाठ, मागे फिजिओ, आणि ती नसली तर आमचे हे. एकटीने कधीच नाही. जमायला लागलं की पाय जुळवून, मग एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून, मग स्पंजच्या जाड गादीवर. गादीवर तळव्यांना जमीन नीट कळत नाही, म्हणून डोळ्यांना आणि कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला जास्त काम पडतं. तिथे डोळे मिटायला सांगितले तेव्हा मला घाम फुटला.

पण मला खरं काही शिकवलं ते अडथळ्याच्या खेळाने. पडद्यावर एक ओंडका सरकत येतो, तो यायच्या वेळेला पाय उचलून पलीकडे टाकायचा. मी उचलला. माझ्या मते चांगला वीतभर. पडद्यावर ओंडका पायाला अडकलेला. "यंत्र बिघडलंय," मी म्हटलं. फिजिओने काही न बोलता माझ्या पायाशेजारी पट्टी धरली. "आता उचला, आणि खाली बघा." जेमतेम चार बोटं. पुन्हा उचलला, पुन्हा तेवढाच. आणि आतून मात्र तो वीतभरच वाटत होता. मग ती म्हणाली, "आता अतिशयोक्ती करा. नाटकात राक्षस चालतो तसा उचला." उचलला, आणि आतून अगदी हास्यास्पद वाटला, पट्टीवर मात्र तो नुसता नीट उचललेला पाय होता.

या आजारात हालचाली आखडतात हे मला ठाऊक होतं. त्या आखडल्याचं आपल्याला आतून कळत नाही, मेंदूचं मापच लहान झालेलं असतं, हे तेव्हा समजलं. हे कितीतरी दिवस म्हणत होते, "पाय उचलून टाक," आणि मी फणकारत होते, "उचलतेच आहे की!" दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होतो. माणसाचं सांगणं टोमण्यासारखं लागतं, यंत्राचं लागत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा अर्धा फायदा इथेच आहे.

उरलेला अर्धा फायदा पडदा बंद करण्यात. ठिपक्याकडे बघून तोल सांभाळायची सवय लागली की ठिपका नसताना पंचाईत. म्हणून काही आठवड्यांनी फिजिओने टॅबलेट उलटा ठेवला. मी कलायचं, धरायचं, आणि आधी मी सांगायचं: गोलात होते की बाहेर? मग टॅबलेट सुलटा. सुरुवातीला माझे अंदाज धडाधड चुकायचे. हळूहळू जुळायला लागले. माझे गुण वाढले त्यापेक्षा अंदाज जुळायला लागले याचा मला जास्त आनंद झाला. शिक्षकी पेशातल्यांना हे सांगायला नको. मात्र असा पडदा बंद करून न घेणारे दवाखानेही आहेत, गुण वाढलेले दाखवतात आणि पेशंट खूश होऊन घरी जातो. तुमच्याकडे कोणी हे करून घेत नसेल तर स्वतः मागा.

वेळेचंही पथ्य आहे. गोळी लागू झाल्यावर, माझ्या बाबतीत साधारण तासाभराने, अंग मोकळं असतं, व्यायाम तेव्हाच. मोजमापही रोज त्याच वेळी, नाहीतर आज गोळी चढलेली आणि उद्या उतरलेली, अशा दोन आकड्यांची तुलना कसली करायची? आणि गोळी जेवणाआधी अर्धा तास. प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात, म्हणजे आमच्या घरात हुमण (माशांची आमटी) आणि तळलेले मासे. मासे सोडा असं कुणी म्हटलं नाही, देवाची कृपा. फक्त गोळी आणि ताट यांच्यात अंतर ठेवायचं.

उंबरठ्यावर पाय चिकटायचे, ती वेगळीच कथा. स्वयंपाकघराच्या दारात आले की तळवे जमिनीला खिळल्यासारखे. बाहेरून वाटतं बाई नुसती उभी आहे. पण नडगीवरच्या सेन्सरला दिसतं की पाय सेकंदाला तीन ते आठ वेळा बारीक थरथरतोय. चालण्याच्या लयीपेक्षा ही थरथर फार जलद असते, त्यावरूनच तो हे अडकणं ओळखतो. उपाय मात्र अगदी साधा. दाराआधी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय सुटतो. आपोआप होणारी चाल बिघडलेली असते, डोळ्यांनी किंवा कानांनी खूण दिली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो.

कानासाठी अ‍ॅपमध्ये टिकटिक होती. ती मला अजिबात आवडली नाही. हे गावच्या भजनात तबल्याला बसतात, त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर आठ मात्रांचा भजनी ठेका धरला आणि माझे पाय बिनबोभाट दाराबाहेर. पण भजनात शेवटी लय वाढते ना, तशी यांचीही वाढायची, आणि माझी पावलं लहान लहान होत पुढे धावायला लागायची. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं त्यातसुद्धा हे आहे: पुढे झुकणं आणि चालता चालता धावत सुटणं. फिजिओने यांना तंबी दिली, "काका, लय वाढवायची नाही. काकींची स्वतःची चाल मोजलीय, तेवढ्यावरच ठेवा." आयुष्यभर साथ केलेल्या माणसाला विलंबित लयीत बांधून ठेवणं सोपं नव्हतं.

आणि वळणं. जायरोस्कोप वळायला किती वेळ आणि किती पावलं लागली ते सांगतो, पण वळायला शिकवत नाही. ते फिजिओने आमच्या स्वयंपाकघरात येऊन शिकवलं. "जागच्या जागी गिरकी नको काकी. कदंब बस स्टँडवर वळते तसं मोठं वळण घ्या." ओट्यासमोरचं स्टूल हललं, मिक्सर दुसऱ्या बाजूला गेला, हातात भांडं असताना वळायचं नाही असं ठरलं. मग मुद्दाम वळताना शंभरातून सात-सात वजा करायला लावायची, कारण खऱ्या आयुष्यात डोकं कधी रिकामं नसतं. पडद्यावरचे आकडे भराभर सुधारले, वळणं त्यामानाने फार रेंगाळली. खुर्चीची ती चाचणी आता बाराच्या आसपास येते. अंगणात तुळशीकडे जाणाऱ्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं की मी अजूनही यांचा हात धरते, त्यात बदल नाही.

दवाखान्यात माझ्यासारखे आणखी येतात. एका तरुणाला सेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया आहे, म्हणजे लहान मेंदूच्या बिघाडाने हालचालींचा मेळ जातो तो आजार. त्याचे व्यायाम हेच, पण त्याला हालचाल मोठी करायला नको, नेमकी करायला शिकवतात. एका आजींना विसरायचा आजार, त्यांना ठिपका आणि गोल यांचा गोंधळ व्हायचा, त्यांचं यंत्र काढून नुसतं हात धरून चालवणं सुरू केलं. मी बांबोळीच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, याचा पुरावा किती? ते म्हणाले, अभ्यास झालेत, पण बहुतेक लहान, आणि जास्त करून पार्किन्सन्सवरचे. उभं राहतानाचा तोल सुधारतो हे दिसतं; पुढे वर्षानुवर्षं पडणं कमी होतं हे अजून तितकं पक्कं झालेलं नाही. सोडलं की उतरणारच, आजार थांबत नाही. मला ही सरळ भाषा आवडली.

खर्च विचाराल तर अनामत रक्कम ठेवून सेन्सरचा पट्टा घरी मिळाला. पैसा गेला तो फिजिओच्या फीमध्ये आणि रिक्षात. एक माहिती जाता जाता: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हे आमच्या गावात फार थोड्यांना माहीत होतं.

पट्टा मी आता परत केलाय, अधूनमधून मोजायला जाते. परवा वाड्यावरची एक जण आली, तिलाही हाच आजार. ऑनलाइन असा पट्टा दिसतो, मागवू का, म्हणून विचारत होती. मी विचारलं, व्यायाम करताना मागे उभं राहायला घरात कोण आहे? मुलगा गल्फला, सून कामावर. मग नको म्हटलं. मंगळवारी मी फोंड्याला जाणारच आहे, चल बरोबर, आधी मोजून घेऊ. कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी तेवढी घे, आणि साडी नेसून येऊ नकोस.